मूल हरवलं किंवा दगावलं हे न कळवणं हा वेगळा गुन्हा असावा का?

सांजवेळ (धागाकर्ती)

एका जुन्या खटल्याबद्दल वाचत होते आणि तो डोक्यातून जात नाहीये, म्हणून हा धागा.

अमेरिकेत फ्लॉरिडा राज्यातल्या ऑरलँडोची केली अँथनी. वय तीन वर्षांपेक्षाही कमी. १६ जून २००८ नंतर ती कुणाच्या नजरेस पडली नाही. पोलिसांपर्यंत खबर गेली १५ जुलैला, आणि तीही आजीने फोन केला म्हणून. मधला महिनाभर आई घरच्यांना सांगत होती की मुलगी सांभाळणाऱ्या बाईकडे आहे. तशी बाई नव्हतीच, हे पुढे बचाव पक्षानेच कोर्टात मान्य केलं. ११ डिसेंबरला घराजवळच्या झाडीत अवशेष सापडले, पण तोवर इतका काळ लोटला होता की मृत्यू नेमका कशाने झाला हे तपासणीत सांगता येईना. ५ जुलै २०११ रोजी ज्यूरीने आईला खून, बालछळ आणि सदोष मनुष्यवध या तिन्ही आरोपांतून सोडलं. शिक्षा झाली ती पोलिसांशी खोटं बोलल्याबद्दल, तीही चार किरकोळ आरोपांवर, आणि त्यातले दोन पुढे अपिलात गळाले.

निकाल बरोबर की चूक यावर मला इथे वाद घालायचा नाही. मला जे खुपलं ते वेगळं आहे. पोटचं मूल महिनाभर दिसत नाही आणि ते कुणालाही कळवलं नाही, एवढ्यापुरता पाहिला तर तो गुन्हाच नव्हता. लोकांचा राग यावरच होता. दहा लाखांहून जास्त सह्यांची ऑनलाइन याचिका निघाली आणि एकेका राज्याने ‘केलीज लॉ’ या नावाने ओळखले जाणारे कायदे केले. न्यू जर्सीत जानेवारी २०१२ पासून १३ वर्षांपर्यंतचं मूल बेपत्ता आहे हे कळल्यावर २४ तासांत न कळवणं हा गुन्हा आहे. इलिनॉयमध्ये १३ वर्षांखालच्या मुलासाठी २४ तास, आणि मूल दोन वर्षांपेक्षा लहान असेल तर एकच तास. तिथे बेपत्ता होण्याबरोबर मृत्यूही त्याच कलमात येतो.

मग आपल्याकडे काय आहे हे शोधायला बसले. बाल न्याय कायदा, २०१५ चं कलम ३२ वाचून थक्क झाले. एखादं हरवलेलं, टाकलेलं, निराधार मूल ज्याला सापडेल त्याने २४ तासांत चाइल्डलाइन (मुलांसाठीची मदतवाहिनी), पोलीस, बालकल्याण समिती किंवा जिल्हा बाल संरक्षण कक्षाला कळवायचं. नाही कळवलं तर कलम ३४ खाली सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दहा हजार रुपये दंड किंवा दोन्ही. म्हणजे रस्त्यात मूल सापडलेल्या परक्या माणसावर सक्ती आहे. ज्याच्या घरातून ते मूल गेलं त्याच्यावर तशी थेट सक्ती मला कुठे दिसली नाही.

माझं मत: असायला हवी. निदान मृत्यूच्या बाबतीत तरी. इथे वकील, शिक्षक, डॉक्टर बरेच आहेत. मनापासून बोला.

---

तिसरी_बाजू

पूर्ण अनुमोदन. लहान मुलाला स्वतःची तक्रार स्वतः करता येत नाही. त्याच्यासाठी बोलणारं माणूसच गप्प बसलं तर त्या मुलाचं अस्तित्वच पुसलं जातं. यात चर्चा कसली करायची?

---

कायदेवाचक

सांजवेळ, कलम ३२ ची तुमची मांडणी बरोबर आहे, पण चित्र अगदीच कोरं नाही. विखुरलेलं आहे, म्हणून हाती लागत नाही.

आधी मृत्यूचं बघू. जन्म-मृत्यू नोंदणी अधिनियम, १९६९ च्या कलम ८ नुसार घरात मृत्यू झाला तर कळवण्याची जबाबदारी कुटुंबप्रमुखाची, रुग्णालयात झाला तर तिथल्या प्रभारी वैद्यकीय अधिकाऱ्याची. मुदत २१ दिवसांची. मूळ कायद्यात चुकणाऱ्याला दंड किती, तर पन्नास रुपयांपर्यंत. ही नोंद जन्म-मृत्यूच्या हिशेबासाठी आहे, तपासासाठी नाही, त्यामुळे तिच्याकडून फार अपेक्षा नको.

फौजदारी बाजूला भारतीय न्याय संहितेचं कलम ९४ आहे (जुन्या भारतीय दंड संहितेत ३१८): मुलाचा मृतदेह गुपचूप पुरून किंवा अन्य मार्गाने नाहीसा करून त्याचा जन्म लपवणं, दोन वर्षांपर्यंत कैद. पण त्यात मुद्दा जन्म लपवण्याचा आहे. तीन वर्षांचं मूल, ज्याचा जन्म साऱ्या गल्लीला माहीत आहे, ते या कलमात बसत नाही. कलम ९३ मध्ये बारा वर्षांखालच्या मुलाला पालकाने किंवा सांभाळणाऱ्याने टाकून दिलं तर सात वर्षांपर्यंत. कलम २३८ पुरावा नष्ट करण्याबद्दलचं, पण तिथे आधी मूळ गुन्हा घडलाय हे दाखवावं लागतं. केलीच्या खटल्यात गाडं अडलं ते नेमकं इथेच: मृत्यू कशाने झाला हेच ठरेना.

आता सहसा कुणाच्या लक्षात न येणारी गोष्ट. नागरिक सुरक्षा संहितेचं कलम ३४ (जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेत ४०) म्हणतं की गावच्या कारभाराशी संबंधित प्रत्येक अधिकाऱ्याने, आणि गावात राहणाऱ्या प्रत्येक व्यक्तीनेही, गावातला आकस्मिक, अनैसर्गिक किंवा संशयास्पद मृत्यू ताबडतोब कळवायचा. अजामीनपात्र गुन्ह्याचा वाजवी संशय यावा अशा परिस्थितीत कुणी गावातून नाहीसं झालं तर तेही कळवायचं. पोलीस पाटलाकडून आपण हे गृहीतच धरतो, पण कलमाच्या शब्दांत गावचा रहिवासी म्हणून पालकही येतो. शहरात राहणाऱ्यावर मात्र हे कलम लागू होत नाही. शहरवासीयाला उरतं ते कलम ३३, जे खुनासारखे ठरावीक गुन्हे घडल्याचं माहीत असेल तर कळवायला सांगतं.

तर सारांशाने पोकळी अशी: शहरातलं घर, मूल दिसेनासं झालंय, गुन्हा झालाय की नाही हे माहीत नाही, आणि पालक गप्प आहेत. एवढ्यासाठी वेगळं कलम नाही, हे तुमचं म्हणणं टिकतं.

---

वाटाड्या

चोवीस तासांची मुदत घालणारा कायदा मला घातक वाटतो. कारण सांगतो.

‘२४ तास वाट बघा, मग या’ हा गैरसमज लोकांच्या डोक्यात आधीच घट्ट बसलाय. अमेरिकेत तर मूल हरवल्याची तक्रार घेण्याआधी पोलिसांनी थांबवून ठेवू नये म्हणून १९९० मध्ये देशपातळीवर कायदा करावा लागला. वॉशिंग्टन राज्याच्या ॲटर्नी जनरलच्या कार्यालयाने पळवून नेऊन मारल्या गेलेल्या मुलांच्या प्रकरणांचा अभ्यास केला होता. त्यात जवळपास तीन-चतुर्थांश मुलं पहिल्या तीन तासांत मारली गेली होती. बहुतेक हरवलेली मुलं सुखरूप परत येतात हे खरंच आहे. पण ज्यांचा जीव धोक्यात असतो, त्यांच्यासाठी पहिले काही तासच हाताशी असतात.

अशा वेळी कायद्यात ‘२४ तासांत कळवा’ लिहिलं की घाबरलेला बाप ते ‘अजून वेळ आहे’ असंच वाचणार. आधी नातेवाइकांकडे विचारू, मित्राकडे बघून येऊ, रात्री परत येईलच. मूल नजरेआड झाल्याची खात्री पटली की पहिला फोन ११२ ला, मग नातेवाईक. मुदत घालायचीच तर ‘ताबडतोब’ हा शब्द घाला, आकडा नको.

---

शिक्षिका_निवृत्त

माझा मुद्दा थोडा वेगळा आहे.

पाचवीच्या वर्गात एक मुलगा होता. दिवाळीच्या सुट्टीनंतर आलाच नाही. हजेरीच्या रजिस्टरात त्याच्या नावापुढे रोज गैरहजेरीची खूण पडत गेली. घरी निरोप पाठवला तर उत्तर आलं, ‘मामाकडे शिकायला ठेवलाय.’ शाळा सोडल्याचा दाखला मागायला मात्र कुणी आलं नाही, आणि मामाच्या गावच्या शाळेत दाखल्याशिवाय तो नेमका कसा शिकत होता हे कुणी विचारलं नाही. त्याची चित्रकलेची वही माझ्या कपाटात राहिली होती. ती न्यायलाही कुणी आलं नाही. पुष्कळ पाठपुरावा केल्यावर कळलं की त्याला एका कारखान्यात कामाला लावलं होतं. आई-वडिलांना तो कुठे आहे हे पक्कं माहीत होतं.

आता सांगा, हा मुलगा बेपत्ता होता की नव्हता? केलीज लॉसारखा कायदा असता तर त्याचा या मुलाला काडीचा उपयोग झाला नसता. पालक म्हणाले असते, आम्हाला ठाऊक आहे तो कुठे आहे. झालं, संपलं.

म्हणून मला वाटतं की सक्ती घराबाहेरच्या माणसांवर हवी. शाळा, अंगणवाडी, लसीकरणाला येणारी ताई. मूल अमुक दिवस दिसलं नाही आणि दाखला गेला नाही, तर शाळेने कळवायचंच. आम्हा शिक्षकांवर आधीच कामांचा ढीग आहे हे मला माहीत आहे, तरीही हे म्हणतेय.

---

कायदेवाचक

बाई, तुम्ही फार महत्त्वाच्या जागी बोट ठेवलंत. बचपन बचाओ आंदोलनाच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने १० मे २०१३ रोजी जो आदेश दिला त्यात हरवलेल्या मुलाची व्याख्या आहे: अठरा वर्षांखालची व्यक्ती, जिचा ठावठिकाणा आई-वडिलांना, कायदेशीर पालकांना किंवा ज्यांच्या ताब्यात ती कायद्याने सोपवलेली आहे त्यांना माहीत नाही. म्हणजे मूल हरवलेलं आहे की नाही हे पालकाच्या माहितीवर ठरतं. पालकच खोटं सांगत असेल तर व्याख्येलाच भगदाड पडतं.

त्या आदेशाचा मोठा फायदा वेगळ्या जागी झाला. मूल हरवल्याची तक्रार आली की ते पळवलं गेलंय किंवा तस्करीला बळी पडलंय असं गृहीत धरून गुन्हा नोंदवायचा, नुसती ‘मिसिंग’ची नोंद करून मोकळं व्हायचं नाही. २००६ साली नोएडातल्या निठारीचं मुलांच्या हत्यांचं प्रकरण उघडकीला आलं तेव्हा काय दिसलं होतं आठवा. मुलं हरवल्याचं आई-वडील सांगत होते, पण त्यांचं ऐकून घेतलं जात नव्हतं. तिथे न कळवण्याचा प्रश्नच नव्हता.

---

परिचारिका

बालरोग विभागात बरीच वर्षं काढली आहेत. मी या कायद्याच्या विरोधात आहे, आणि मुलांची काळजी कमी आहे म्हणून नव्हे.

तान्ही मुलं झोपेत जातात. रात्री दूध पिऊन झोपलेलं निरोगी बाळ सकाळी हलत नाही आणि पूर्ण शवविच्छेदन करूनही कारण हाती लागत नाही, असं होतं. अशा आया मी पाहिल्या आहेत. एकीने बाळाला छातीशी धरलेलं होतं आणि ती त्याच्या पायावरचं दुपटं पुन्हा पुन्हा सारखं करत होती. आम्ही काही विचारलं की म्हणायची, ‘हळू बोला, उठेल.’ घरातून रुग्णालयात यायलाच त्यांना किती वेळ गेला होता हे सांगण्याच्या अवस्थेत कुणीच नव्हतं. इलिनॉयचा तो एक तास वाचला आणि मला तीच आठवली. बेपर्वाईने दुर्लक्ष केलं असेल तरच गुन्हा धरायचा असं म्हटलं, तरी बेपर्वाई की धक्का हे ठरवणार कोण? पहिल्या दिवशी दारात उभा असलेला पोलीस?

दुसरं. सक्तीने कळवायचा नियम आपल्याकडे पॉक्सोत आहेच. कलम १९ नुसार मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं की प्रत्येकाने पोलिसांना कळवायचं, नाही तर कलम २१ खाली शिक्षा. हेतू शंभर टक्के चांगला. पण पोलिसांत नाव जाईल या भीतीने अल्पवयीन गरोदर मुली डॉक्टरकडे यायच्या टाळतात, भलतीकडे जातात. शेवटी २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला सांगावं लागलं की अशी मुलगी गर्भपातासाठी आली तर तिची आणि पालकांची विनंती असल्यास डॉक्टरने तिची ओळख उघड करायची गरज नाही. सक्तीच्या भीतीने माणूस लपतो, आणि लपला की आमच्यापर्यंत पोचत नाही.

---

तिसरी_बाजू

परिचारिका, तुमचं दुःख समजतं. पण सगळ्या पालकांना त्या आईच्या रांगेत बसवलं तर ज्याने खरोखर मारून लपवलंय तो दरवेळी सुटणार. त्याचं काय? मृतदेह जितका उशिरा सापडेल तितका पुरावा कमी. म्हणजे आज लपवण्याचा फायदा लपवणाऱ्यालाच होतो. हे मला सहन होत नाही.

---

जुनी_पानं

इतिहासातला एक दाखला, कारण ही वाट आधी चालून झालेली आहे.

इंग्लंडमध्ये १६२४ साली एक कायदा झाला. अविवाहित स्त्रीला झालेलं मूल मेलं आणि तिने ते लपवलं, तर तिने त्याचा खून केला असंच गृहीत धरायचं. मूल मृतच जन्मलं हे तिने साक्षीदार आणून सिद्ध करायचं, नाही तर फाशी. आता एकटीने, दार लावून, कुणाला कळू नये म्हणून बाळंत होणाऱ्या मुलीने साक्षीदार कुठून आणायचा? पुढे पुढे ज्यूरीच शिक्षा द्यायला कचरायला लागल्या. १८०३ मध्ये तो कायदा रद्द झाला आणि त्या जागी जन्म लपवण्याचा, सौम्य शिक्षेचा वेगळा गुन्हा आला. कायदेवाचकांनी सांगितलेलं आपलं कलम ९४ त्याच वंशातलं आहे.

यात मला खटकतं ते हे, की कायदा बोलत होता बाळांबद्दल आणि सापडत होत्या गरीब, एकट्या, घाबरलेल्या मुली. मोलकरणी बहुतेक. नवा कायदा करा, पण त्याच्या जाळ्यात नेमकं कोण अडकेल याची यादी आधी मनाशी करा.

---

कायदेवाचक

तिसरी_बाजू, तुमच्या प्रश्नाला बगल द्यायची नाही. पण एक घटनात्मक अडचण आहे. आपल्या घटनेच्या अनुच्छेद २०(३) नुसार आरोपीला स्वतःविरुद्ध साक्ष द्यायला भाग पाडता येत नाही. अमेरिकेत पाचव्या दुरुस्तीत तशीच हमी आहे. ज्याने स्वतः मारलंय त्याला ‘येऊन कळव’ म्हणणं म्हणजे स्वतःच्या गुन्ह्याची खबर स्वतः दे म्हणणं. कोर्टात यावर काथ्याकूट होणारच. म्हणजे ज्या माणसासाठी हा कायदा हवाय त्याच्यावरच तो लटका पडायची शक्यता, आणि निर्दोष पण गोंधळलेल्या माणसावर सहज लागू.

इंग्लंडने दुसरा मार्ग काढला. घरात दोन मोठी माणसं, मूल मेलेलं, दोघं एकमेकांकडे बोट दाखवतात आणि दोघंही सुटतात, असं वारंवार व्हायचं. २००४ च्या कायद्यात कलम ५ आणलं: घरातल्या कुणाच्या बेकायदा कृत्यामुळे मुलाचा जीव गेला, आणि तुम्ही एक तर ते केलंत किंवा धोका दिसत असून तो टाळायला शक्य ते केलं नाहीत, तर तुम्ही दोषी. दोघांपैकी नेमकं कुणी मारलं हे सिद्ध करायची गरज नाही. शिक्षा आधी चौदा वर्षांपर्यंत होती, २०२२ मध्ये ती जन्मठेपेपर्यंत वाढवली. यात किती तासांत फोन केला हा प्रश्न गौण. मूल जिवंत असताना तुम्ही काय केलंत, हा प्रश्न मुख्य. मला हे जास्त पटतं.

---

सांजवेळ

सगळ्यांचे प्रतिसाद दोनदा वाचले. धागा काढताना मृत्यूच्या बाबतीत तरी तासांची मुदत हवी असं माझं मत होतं. आता तासांचा हट्ट सोडते, पण मूळ मागणी सोडत नाही.

खुद्द फ्लॉरिडाने काय केलं ते आज नीट वाचलं. जिथे हे घडलं त्या राज्याने २४ तासांचं बंधन आणलंच नाही. २०१२ मध्ये त्यांनी कायदा केला तो खोटं बोलण्याबद्दलचा: हरवलेल्या, १६ वर्षांपर्यंतच्या मुलाच्या तपासात जाणूनबुजून पोलिसांची दिशाभूल केली आणि त्या मुलाला गंभीर इजा झाली किंवा मृत्यू आला, तर पाच वर्षांपर्यंत कैद. धक्का बसून गप्प राहिलेली आई यात येत नाही. ‘मामाकडे आहे’, ‘सांभाळणाऱ्या बाईकडे आहे’ अशा कथा रचून तपास भलतीकडे वळवणारा येतो. गप्प राहणं आणि बनाव रचणं यांत फरक करायला हवा, आणि तो करता येतो.

आणि शिक्षिकाताईंचा मुद्दा मला आता सर्वांत मोठा वाटतोय. केलीला महिनाभर पाहिलं नाही अशी माणसं बरीच होती. पाळणाघर, शाळा, वसतिगृह, दवाखाना, जिथे मूल नेमाने येतं आणि एकाएकी यायचं थांबतं, तिथे विचारणं कुणाच्या तरी कामाचा भाग हवं. बालगृहातून मूल निघून गेलं तर अधीक्षकाला पोलिसांना आणि समितीला कळवावंच लागतं. मग शाळेतून नाहीसं झालेल्या मुलासाठी का नको?

---

रानफूल

मी फारशी लिहीत नाही, वाचत असते. एक सरळ प्रश्न आहे. शेजारचं मूल बऱ्याच दिवसांत दिसलं नाही, घरचे दरवेळी वेगळं उत्तर देतात, आणि माझ्याकडे पुरावा काहीच नाही. मी तक्रार केली आणि ते मूल खरंच आजोळी असलं, तर माझ्यावर काही येईल का? आणि पोलीस म्हणाले ‘तुमचा काय संबंध’, तर?

---

कायदेवाचक

१०९८ ला फोन करा. चाइल्डलाइनला पुरावा लागत नाही, काळजी वाटतेय एवढं पुरतं. जिल्ह्याच्या बालकल्याण समितीला साधा अर्जही देता येतो. खरी शंका सद्भावनेने कळवली आणि ती निराधार निघाली तर तुमच्यावर काही येत नाही. जाणूनबुजून खोटी खबर देणं हा मात्र गुन्हा आहे. म्हणून जे पाहिलं तेवढंच सांगा, अंदाज जोडू नका.

सांगताना या गोष्टी जवळ ठेवा: मूल शेवटचं कधी आणि कुठे पाहिलं, अंगावर काय होतं, सोबत कोण होतं, घरच्यांनी कोणत्या तारखेला काय उत्तर दिलं. फोटो असेल तर अलीकडचा. ओळखीची खूण माहीत असेल तर ती.

ठाण्यात घेतलं नाही तर तोंडी वाद घालू नका. लेखी द्या आणि पोच मागा. घटना दुसऱ्या हद्दीतली आहे हे कारण आता चालत नाही, नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ नुसार कुठल्याही ठाण्यात खबर देता येते. तरीही नकार दिला तर त्याच कलमाच्या पोटकलम ४ खाली पोलीस अधीक्षकांना टपालाने पाठवा, आणि तिथेही काही झालं नाही तर न्यायदंडाधिकाऱ्यांकडे अर्ज.

---

शिक्षिका_निवृत्त

रानफूल, शेजारच्या घरात दुसरं लहान भावंड आहे का? असेल तर हे आधी चाइल्डलाइनला सांगा. त्या मुलाला कुणीतरी आजच पाहून यायला हवं.

---

रानफूल

आहे. चार-पाच वर्षांची बहीण. फोन करतेय.